गोठ्याचं दार

छातीशी धरलेल्या दारावर दोनदा मूठ आपटायची आणि ओरडायचं, "हान!" काकाजी म्हटलं की मला आधी हेच आठवतं. नवेगाव बांधच्या तलावात छातीभर पाण्यात उभा एक किडकिडीत माणूस, पुढ्यात गोठ्याचं दार, आणि त्या दारावर लाथा मारून परत फिरणारी आम्ही कॉलेजची मुलं. तलावाच्या पाळीवरून, बांधावरून जाणारे लोक सायकल थांबवून बघायचे. तुम्हीही थांबला असता.

काकाजी आमच्या कॉलेजात शिपाई होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, त्यामुळे चालायच्या आधी पोहायला शिकलेले. पोहण्याचा संघ कागदावर खेळाच्या सरांचा होता, पाण्यात मात्र तो काकाजींचा. सरांनाही हे मान्य होतं. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं.

संघ पहिल्यांदा विद्यापीठाच्या स्पर्धेला नागपूरला गेला तेव्हा मी नव्हते, पण ती गोष्ट काकाजींनी इतक्यांदा सांगितली की पाहिल्यासारखी वाटते. आमच्या मुलांना तलावात बांबू रोवून त्याला वळसा घालून परतायची सवय. तिथे समोर भिंत आली, तर तिला हात नाही, पाय नाही, गोल वळसा घालून सगळे परतले. सगळे बाद. बघणारे पोट धरून हसले. सामान सांभाळायला गेलेले काकाजी तेवढे हसले नाहीत. दिवसभर कठड्याशी बसून ते दुसऱ्यांचे पाय बघत राहिले. कोलांटी घ्यायची, दोन्ही पायांनी भिंतीला लाथ हाणायची आणि सुटायचं.

घरी आल्या आल्या त्यांनी गोठ्याचं दार उखडलं. काकीजी ओरडल्या, "आता ढोरं कोनाच्या भरोशावर ठेवू?"

"तुह्या," काकाजी म्हणाले आणि दार खांद्यावर टाकून निघाले.

आधी ते दार बांबूंना बांधून पाहिलं. दोन लाथांत बांबू चिखलातून उपटून वर यायचे. मग ते स्वतःच दारामागे उभे राहिले. शेजारी रोवलेल्या बांबूला पंचवीस मीटरची दोरी, तिचं दुसरं टोक घाटाच्या दगडाला. एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला काकाजी. झाला आमचा तरण तलाव.

पण लाथ मारणार कोण? आपल्याकडे मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी हात जोडतो आपण. पहिल्या दिवशी मी दारापर्यंत गेले आणि पाण्यात उभीच राहिले.

"काऊन थांबली वं?"

"तुम्हाला लागेल ना काकाजी."

"मी काकाजी नोहो. मी भिंत होय. पाया पडाचं असन तं मंग पड. आंधी हान!"

म्हणून आमची एक रीतच पडली. सराव संपला की ओल्या अंगाने सगळे रांगेत उभे राहायचे आणि एकेक जण काकाजींच्या पाया पडायचा. त्यांचं स्वतःचं घड्याळ नव्हतं. लाथ बसली की आपण किती मागे सरकलो यावर ते मोजायचे. "तू आज दीड पाऊल. तू दोन. तू जेवली नाही का वं?" माझी सगळ्यात चांगली लाथ अडीच पावलांची. त्या दिवशी त्यांनी घंटा वाजवताना भेटेल त्याला सांगितलं होतं, "पोट्टीनं अडीच पावलं सरकवलं मले!" असा आनंद की जणू पोरीचं लग्न जमलंय.

त्या दाराच्या जोरावर स्पर्धेची ढाल आली आणि पुढची काही वर्षं आमच्या कॉलेजच्या कपाटातून हलली नाही. प्रत्येक वर्षीच्या फोटोत मधोमध सर आहेत. काकाजी कुठेच नाहीत, कारण आमचे टॉवेल धरून ते फोटोवाल्याच्या मागे उभे असायचे.

मी शेवटच्या वर्षाला होते. थंडीचे दिवस. सराव झाल्यावर काकाजी आंब्याच्या झाडाआड बनियन बदलत होते आणि मी कपड्यांची पिशवी घ्यायला तिकडे गेले. त्यांची छाती मला दिसली. गळ्यापासून बरगड्यांपर्यंत काळीनिळी. जुन्या वळांवर नवे वळ. एका हाताने झाडाला धरून ते हळूहळू श्वास घेत होते. त्यांनी मला पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी हळू मारू लागले. पाय टेकवायचा आणि पाण्यातच जोर केल्यासारखं दाखवायचं.

"काय झालं वं? आज इतभर बी नाही सरकलो."

"पाय दुखून राहिला, काकाजी."

त्यांनी विश्वास ठेवला. संध्याकाळी काकीजींनी जवसाचं तेल पाठवलं. रोज विचारायचे, "पाय कसा हाय?" मी रोज खोटं बोलायचे. मला वाटायचं, मी किती समजूतदार आहे.

नागपूरला रिलेत शेवटचा टप्पा माझा होता. ढाल त्या एका शर्यतीवर अडली होती. शेवटच्या वळणापर्यंत मी पुढे होते. भिंत आली, मी कोलांटी घेतली, आणि माझे पाय सवयीने हळूच टेकले. बाजूची मुलगी सुटली ती सुटलीच. ढाल गेली.

परतताना बसमध्ये काकाजी माझ्या शेजारी येऊन बसले. "लयच दुखून राहिला होता का पाय?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "पाय कधीच दुखत नव्हता काकाजी. मी तुमची छाती पाहिली होती."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मले इचारून तं पाहाचं होतं." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

परीक्षा झाली आणि मी गाव सोडलं. ढाल परत आणायची संधी मला मिळाली नाही आणि त्यांच्यासमोर जायचं तोंडही नव्हतं. काकाजी निवृत्त झाले. दारामागे उभं राहायला दुसरं कोणी पुढे आलं नाही आणि दोनेक वर्षांत संघ मोडला. नवेगाव काही लांब नाही. तरी मी गेले नाही. याची मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

मागच्या थंडीत ते गेल्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकीजी गोठ्यापाशी बसल्या होत्या. दार पुन्हा गोठ्याला लागलं होतं. त्याच्या मधोमध, टाचा बसायच्या तिथे, दोन खळगे पडले होते.

काकीजींनी मला ओळखलं. "तूच ना ते अडीच पावलंवाली? लय आठवन काढत तुही. म्हनत, ते पोट्टी मायाळू होती, म्हनून हारली." मग म्हणाल्या, "कायले नाही आली वं?"

मी दाराला हात लावला आणि तिथेच रडले.

आता मी गोंदियात मुलांना पोहायला शिकवते. शहराला लागून असलेल्या मुर्रीतल्या घरून पहाटे लवकर निघते, मुलं यायच्या आधी तरण तलाव रिकामा असतो. नवेगावहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच पाण्यात उतरले. कोलांटी घेतली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून भिंतीला लाथ हाणली.

भिंत तसूभरही सरकली नाही.