घोंगडीवर दोनच सीटा

कल्पनेला कुंपण नसावं, असं मी शिक्षकांच्या शिबिरात दरवर्षी सांगायचे. टाळ्या मिळायच्या. त्याच जोरावर मुलांसाठी एक कादंबरी लिहायला घेतली. तिच्यात उडणारी घोंगडी होती. कुणीही बसावं, कुठेही जावं आणि अडलंच तर राजकन्येने टिचकी वाजवून राक्षसाला मारावं. दीडशे पानं झाली तरी कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

दर रविवारी लोणारहून गावी जाऊन मी ती बाबांना वाचून दाखवायचे. आई गेल्यापासून ते घरात एकटेच होते. माझी बदली पुण्याकडे झाली होती आणि त्यांना सोबत न्यायचं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. ते विषय काढू देत नव्हते. कादंबरी तेवढी ऐकायचे.

बाबांनी सगळी नोकरी मेहकर-मलकापूर एस.टी.त कंडक्टर म्हणून काढलेली. पहिल्याच प्रकरणात त्यांनी घोंगडी थांबवली.

"हिच्यावर सीटा किती?"

"जादूची आहे, बाबा. कितीही बसतात."

"मंग राजकन्या भ्याली काऊन? पाह्यजे तितकी जागा हाय तं भेव कायचं?"

मला रागच आला. एवढी शिबिरं गाजवलेल्या बाईला सीटा विचारतात! घरी येऊन त्याच रागात मी घोंगडीवर दोनच जागा ठेवल्या आणि माझीच पंचाईत झाली. पळणारे तिघे होते: राजकन्या, तिचा भाऊ आणि आजोबा. मग मात्र भावंडं भांडू लागली, एकमेकांशी खोटं बोलू लागली. राक्षसालासुद्धा डोकं चालवावं लागलं. बाबांनी आणखी कलमं घातली. सूर्य मावळल्यावर घोंगडी सुटणार नाही. मधे उतरलेल्याला परत घेणार नाही. राक्षसाला जेवणाची सुट्टी. कादंबरी सुसाट निघाली. शिबिरातलं भाषण मी बदललं नाही. टाळ्या कुणाला नकोत?

शेवटच्या प्रकरणात राक्षसाची फौज वेशीपाशी आली. मी घोंगडी जराशी ताणली आणि तिघांनाही बसवलं.

"उतरव एकाले," बाबा म्हणाले.

"एकदाच, बाबा. शेवटची फेरी आहे."

"मंग आतापावतर पोराईले कायले रडवलं? दोन म्हंजे दोन."

शिबिरात घासूनपुसून गुळगुळीत केलेली माझी भाषा तिथेच सांडली. "म्हाताऱ्याले एकटं टाकून कोनी जाते काय? मी नाही ठेवून जात तुमाले. तुमी चालून राह्यले माह्यासंग."

कादंबरीतून मी कधी बाहेर पडले, ते मलाच कळलं नाही. बाबांना कळलं होतं.

"मांगं राह्यला म्हंजे मेला काय तो?" ते शांतपणे म्हणाले. "त्याचं घर हाय, गाव हाय. तू त्या दोघाईचंच लिहून राह्यली. म्हाताऱ्यानं खाली काय केलं, ते कोन लिहीन?"

ते आले नाहीत. मी नव्या गावी रुजू झाले आणि म्हाताऱ्याचं प्रकरण लिहायला बसले. भावंडं सुखरूप उडाली. फौज निघून गेली. संध्याकाळ झाली. आजोबांना मी चुलीपाशी बसवलं आणि पेन थांबलं. एकटा माणूस संध्याकाळी स्वतःपुरतं काय रांधतो, त्याला भाकरी थापता तरी येते का, मला ठाऊक नव्हतं. इतके रविवार मी त्या घरात बसून वाचत होते. एकदाही विचारलं नव्हतं.