खडकावरचा गरुड

माझ्या नवऱ्याच्या जागी गरुड उभा होता. खडक तोच, मागचा समुद्र आमच्या गावचाच, पण माणूस गायब. दादरच्या एका हॉलमध्ये माझ्या नातीची चित्रं लावली होती. जनावरांचे, पाखरांचे आणि डोंगर-समुद्राचे फोटो कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळून ती नवं चित्र तयार करते. "आजोबांच्या खांद्यावर गरुड बसवते," असं ती म्हणाली, म्हणून मी हार उतरवून ह्यांचा एकुलता एक फोटो तिच्या हातात दिला होता. लालबागच्या आमच्या चाळीतल्या बायकांना मीच हौसेने बघायला घेऊन आले होते.

शेजारीण म्हणाली, "काय गो, तुझो घोव उडालो की काय?"

सगळ्या हसल्या. मी नातीला बाजूला घेतलं.

"आजी, ते फार ताठ उभे होते गं. चित्रात शोभत नव्हते. पण सावली त्यांचीच ठेवलीय, बघ."

बघितली. गरुडाच्या पायापासून धोतर नेसलेल्या माणसाची सावली निघाली होती. लोक त्या सावलीचंच कौतुक करत होते.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू फोटो दिला नसतास."

एवढं मात्र ती खरं बोलली.

तो फोटो काढला तेव्हा खडकावर हे उभे होते, कॅमेरा माझ्या दिराच्या हातात होता आणि ह्यांच्या चपला धरून मी बाजूला उभी होते. हे गेले, दीरही गेला. मी आहे.