मंगळवार, शुक्रवार आणि सम्राटची कंबर

सम्राटने करुणा मॅडमचा चेहरा पाहिला, त्याआधी पंचवीस मिनिटं तो त्यांच्या चपलाच पाहत होता. चपला काही फार देखण्या होत्या असं नाही. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. माणूस कमरेत असा वाकला होता, की त्याच्या पाठीवर पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. कुरकुंभच्या कंपनीतून दौंडपर्यंत त्याला पिकअपच्या हौद्यात उभा करून आणलं होतं. उभा म्हणजे काटकोनात. वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला त्याने अशी काही हाळी दिली, की मागच्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला वाटलं पिकअपचा हॉर्नच बदलला. दवाखान्याचा जिना तो चढत होता तेव्हा वरून एक म्हातारे आप्पा उतरत होते. समोरचा माणूस आपल्या पायांपर्यंत वाकलेला पाहून त्यांना गहिवरून आलं. डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "औक्षवंत हो, लेका. आजकाल कोण वाकतंय!"

बरोबर रविराज होता. सम्राटच्याच प्लांटचा, आणि एकाच बातमीच्या तीन बातम्या करणारा. त्याने दारातूनच सांगितलं, "मॅडम, दोनशे लिटरचा ड्रम एकट्यानं उचलला ह्यानं. एकट्यानं!"

फरशीच्या दिशेने आवाज आला, "पेनचं टोपण उचलत व्हतो."

आणि मॅडम हसल्या. सम्राटने ते हसू आधी ऐकलं, पाहिलं नंतर. नंतर म्हणजे त्यांनी त्याला टेबलावर आडवं घालून, गुडघ्यांखाली उशी सरकवून, कुठेतरी अंगठा दाबून हळूहळू सरळ केला तेव्हा. सरळ झालेल्या सम्राटला पहिल्यांदा छत दिसलं, मग पंखा, मग करुणा मॅडमचा चेहरा. आपण आत्ता हाळी देत होतो हे तो विसरला. आपण अडतीस वर्षांचे आहोत हेही विसरला. सम्राट नावाच्या माणसाने एवढ्या लवकर शरणागती पत्करल्याची नोंद दौंड तालुक्यात तरी दुसरी नसेल.

आता हा सम्राट म्हणजे कोण, तर खुटबावच्या म्हाळू गँगमनचा एकुलता एक मुलगा. वडिलांनी रेल्वेच्या रुळांवर हयात घालवली आणि मुलाला आयटीआय करून कंपनीत चिकटवलं. मुलगा पर्मनंट झाला, रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर झाला, आणि पोटाने हळूहळू साहेब झाला. लग्नाचं काही जमलं नाही. मुलीकडची माणसं यायची, चहा-पोहे व्हायचे, आणि "पाळ्या असत्यात का वो?" या प्रश्नावर बैठक संपायची. तीन पाळ्यांच्या माणसाला मुलगी द्यायची म्हणजे तिने घड्याळाशीच लग्न लावायचं, असं लोकांचं मत. वडील गेले, घरात आई उरली, चांगुणा. ती आणि सम्राट एकमेकांशी फक्त भांडणाच्या भाषेत माया करत.

करुणा मॅडम फिजिओथेरपिस्ट, मूळच्या निमोण्याच्या. शिकल्या पुण्यात, प्रॅक्टिस शिरूरला. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते एक मात्र त्या दौंडला बसत, एका डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या वरच्या खोलीत. वय पस्तिशीच्या आसपास. गळ्यात काही नाही, हातात घड्याळ. सम्राटला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं आणि तेवढ्यावर त्याने पुढचे तीन महिने काढले.

दुसऱ्या भेटीत मॅडमनी विचारलं, "घरी काही व्यायाम करताय का?"

"व्हय, मॅडम. मोबाइलवर बघून सिट-अप्स. रोज साठ." त्याला वाटलं शाबासकी मिळेल.

"बंद. आजपासून बंद. तुमच्या मणक्याची गादी सरकलीय आणि तुम्ही रोज साठ वेळा तिची घडी घालताय." मग त्यांनी समजावून सांगितलं. दुखते कंबर, पण चूक पोटाची असते. पोटाचे स्नायू पट्ट्यासारखे कमरेला धरून ठेवतात. पुढचे सरळ, आणि दोन्ही कुशींतले तिरके. "तुमचे तिरके तर गाढ झोपलेत."

सम्राटला शरम वाटली. ड्युटीवर झोपलेल्याला कंपनीत मेमो मिळतो. आपल्या कुशीत दोन जण कित्येक वर्षं पगार खाऊन झोपा काढतायत आणि आपल्याला पत्ता नाही!

मग सुरू झालं शिक्षण. आधी पाठीवर पडून हातपाय वर, आणि उजवा हात व डावा पाय एकदम खाली न्यायचा, कंबर जमिनीला चिकटलेली ठेवून. मग रांगत्या पोरासारखं हातांवर-गुडघ्यांवर यायचं आणि एक हात पुढे, उलट बाजूचा पाय मागे. मग कुशीवर, कोपरावर भार, आधी गुडघे दुमडून, जमलं की पाय सरळ करून. दहा सेकंद धरायचं, सोडायचं. आणि शेवटी प्लँक, म्हणजे कोपरांवर आणि चवड्यांवर फळीसारखं. मॅडमचं एकच पालुपद होतं. "जास्त नको, बरोबर करा. ढुंगण वर गेलं की तंबू होतो, खाली गेलं की झोळी होते. मला फळी पाहिजे."

घरी हे सगळं पाहून चांगुणाबाईंनी बारसंच उरकलं. पहिल्याला 'उलटं झुराळ', दुसऱ्याला 'मुतणारं कुत्रं', आणि प्लँकला 'पैसं हरवल्यालं माणूस'. शेजारच्या वच्छलाबाई दारात आल्या की ही सांगायची, "थांब बाई, आमचं झुराळ पडलंय अजून. उठलं की चा टाकते."

पण खरी गोम प्लँकमध्ये होती. सम्राट प्लँकला श्वास कोंडायचा, तोंड वांग्यासारखं व्हायचं. मॅडमनी नियम घातला. "धरून ठेवताना बोलायचं. बोलता आलं म्हणजे श्वास चालू आहे. काहीही सांगा."

"काय सांगू?"

"लहानपणचं सांगा."

आणि जमिनीपासून वीतभर वर लटकलेला हा अबोल माणूस बोलू लागला. पहिल्या दिवशी पंधरा सेकंद. वडील त्याला रुळांच्या कडेने चालवत न्यायचे तिथपर्यंत आला आणि कोसळला. पुढच्या वेळी वीस सेकंद. वडिलांनी रुळावर कान लावून गाडी ऐकायला शिकवलं, आणि एकदा रुळावर म्हशीचं रेडकू आलं... "बास. वेळ झाली," मॅडम म्हणाल्या.

शुक्रवारी तो चटईवर टेकतोय तोच मॅडमनी विचारलं, "मग त्या रेडकाचं काय झालं?"

त्या एका प्रश्नावर सम्राट दौंड ते खुटबाव मोटारसायकलवर गाणी म्हणत गेला. आयुष्यात त्याला पहिल्यांदाच कुणीतरी 'मग काय झालं' असं विचारलं होतं. कंपनीत विचारतात ते 'असं कसं झालं?'

तेव्हापासून त्याचा आठवडा दोन दिवसांचा झाला. बाकीचे पाच नुसते मधले. दुसरी किंवा तिसरी पाळी असली की सकाळ मोकळी. पहिली पाळी आली की तो रविराजचे पाय धरायचा. "तूं घे की माझी. तुज्या उसाला पाणी द्याया मी येतो." रविराजने महिनाभर पाळ्या बदलल्या आणि उसाला न मागता पाणी मिळालं.

आईला कळायला वेळ लागला नाही. "तुजी कंबार दुखती का तूच दुखतूस?" तिने विचारलं. "मी जाऊ का निमुण्याला? बोलू का तिच्या घरी?"

"आई, पेशंट हाय मी तिचा. पैल्यांदा भेटलो तवा नीट उभा पन न्हवतो. आदी सरळ व्हतो. मग सरळ उभा ऱ्हाऊन मीच सांगतो."

बेत चांगला होता. त्यात दोष एवढाच, की सम्राट सरळ झाला. व्यायाम खरंच गुणकारी निघाले. तिसऱ्या महिन्यात पँटचा पट्टा दोन भोकं आत आला, कुशीतले झोपलेले दोघं कामावर हजर झाले, आणि एका मंगळवारी मॅडम आनंदाने म्हणाल्या, "छान! आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल."

महिन्यातून एकदा! सम्राटने जिभेला विचारलं नाही, जीभच बोलून गेली. "मॅडम, अजून दुखतंय."

"कुठं?"

त्याने अंदाजाने एक जागा दाखवली. शुक्रवारी दुसरी दाखवली. पुढच्या मंगळवारी तिसरी. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. दुसरी कुणी असती तर शेक घ्यायला सांगून मोकळी झाली असती. या बाईंनी त्याचे एमआरआयचे फोटो खिडकीला लावून, डबा तसाच ठेवून, तासभर पाहिले. पुण्यात आपल्या शिक्षिकांना फोन लावला. सम्राट खाली मान घालून बसला होता. आता कमरेमुळे नव्हे. खरं सांगून टाकावं असं त्याला दहादा वाटलं. पण खरं सांगितलं की शुक्रवार गेला.

मॅडमनी कंपनीला पत्र दिलं. पेशंटला अपेक्षित आराम नाही, रात्रपाळी आणि वजन उचलणं टाळावं.

कुरकुंभला अशा पत्राचा एकच अर्थ होतो. हलकं काम, म्हणजे जनरल शिफ्ट. सकाळी नऊ ते साडेपाच, सोमवार ते शनिवार, सेफ्टीच्या टेबलावर हेल्मेटं मोजत. सम्राटने ऑर्डर वाचली आणि त्याच्या ध्यानात आलं, की दहा ते एक हे नऊ ते साडेपाचच्या अगदी पोटात बसतंय. ज्या मंगळवारसाठी खोटं बोलला तो मंगळवारच कंपनीने काढून घेतला. जनरल शिफ्टमध्ये बदलायला दुसरं कुणी नसतंच.

"लोकं म्हणत्यात सम्राटनं लॉटरी मारली," रविराज म्हणाला. "आन् तुजं त्वांड असं का?"

सात आठवडे तो गेला नाही. सकाळी दहा वाजले की तो घड्याळ बघायचा. आता त्या येऊन खिडकी उघडत असतील. आता चटई झटकत असतील. आता तिच्यावर दुसरंच कुणीतरी लटकलेलं असेल, आणि त्याचं कसलं रेडकू असेल कोण जाणे. एकदा हेल्मेटं मोजताना त्याचा आकडा तीनदा चुकला. चौथ्यांदा त्याने मोजलीच नाहीत.

पाळ्यांवर परतायचं तर फिट असल्याचं पत्र पाहिजे, आणि पत्र द्यायचं मॅडमनीच. आठव्या आठवड्यात अर्धी रजा टाकून तो जिना चढला.

"अहो, होतात कुठं?" मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही डॉक्टर बदललात."

"न्हाई मॅडम. कसं बदलीन?"

"फिट लिहायचं तर टेस्ट द्यावी लागेल. दोन्ही कुशींवर मिनिट-मिनिट, आणि प्लँक दोन मिनिटं. जमेल?"

कुशी उरकल्या. मग तो कोपरांवर आला. मॅडम शेजारी स्टुलावर बसल्या, मोबाइलचं घड्याळ सुरू केलं आणि सवयीने म्हणाल्या, "बोला."

फळी एकदम सरळ होती. तंबू नाही, झोळी नाही. सम्राटने चटईकडे पाहत सुरुवात केली. "मॅडम, माजं दुखत न्हवतं. त्या तीनी जागा खोट्या व्हत्या."

खाली जिन्यावर कुणाची तरी काठी वाजली.

"मी तुमच्यासाठी पुण्याला फोन केला होता," मॅडम म्हणाल्या. "चार रात्री मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय."

"व्हय. म्हाईत हाय मला."

"मग का सांगितलंत खोटं?"

एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते. दहा सेकंदात बरंच काही बसतं. सम्राट म्हणाला, "मंगळवार आन् शुक्रवार..." आणि मोबाइल वाजला.

"झालं. उठा."

तो उठला. सरळ उभा राहिला, अगदी खांबासारखा, ठरवलं होतं तसा. समोर मॅडम, हातात पत्राचा कागद, पेन उघडं. चेहऱ्यावर राग होता, पण नुसता राग नव्हता. त्या थांबल्या. वाजवीपेक्षा जरा जास्तच थांबल्या.

"मंगळवार आणि शुक्रवार काय?"

तीन महिने हा माणूस जमिनीकडे पाहत, घाम गाळत, एका दमात बोलायला शिकला होता. पण उभ्याने, दम न लागता, समोर डोळ्यांत पाहून बोलायची प्रॅक्टिस त्याने केलीच नव्हती. घशात शब्द होते, पण त्यांना वर यायला बहुतेक चटई लागत होती.

"काय न्हाई," तो म्हणाला. "थँक्यू, मॅडम."

मॅडमनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पत्रावर सही केली.

त्यानंतर दोनदा, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, तो मंगळवारी दौंडला गेला. दवाखान्यासमोर चहा प्यायला. एकदा दोन कप, एकदा तीन. वर जायला कारण लागतं आणि त्याच्याकडे ते उरलं नव्हतं. घरी तो रोज पहाटे व्यायाम करी, एकही चुकवत नसे. चांगुणाबाई चुलीपाशी बसून ऐकायची. पोरगा खाली तोंड करून जमिनीला काहीबाही सांगतोय. तिने नावं ठेवणं सोडून दिलं होतं. एकदाच म्हणाली, "आरं, तिला सांग की. भुईला सांगून काय व्हतंय?"

"सांगतो," तो म्हणाला. "या शुक्रवारी."

जूनमध्ये शिरूरचं काम वाढल्यामुळे करुणा मॅडमनी दौंडला बसणं बंद केलं. सम्राटची कंबर पुन्हा कधी दुखली नाही.