अंगणात पसरलेली खडी

तिला सगळे भट्टीवाली म्हणत. जुन्या बॅटऱ्या वितळवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता, पण त्याचं शिसं वस्तीच्या विहिरींत उतरलं ते उतरलंच. ते पाण्यातून काढण्यासाठी टाकीत जी खडी भरत, ती तयार करायची शेड वस्तीच्या टोकाला होती. डोंगरातला सच्छिद्र दगड फोडून चाळायचा, कढत मिठाच्या पाण्यात मुरवायचा, धुवायचा आणि भट्टीत वाळवायचा, हे तिचं काम.

शेडमधल्या रसायनवाल्याने एकदा तिला समजावलं होतं. दगडाच्या छिद्रांत आधीच चिवट भाडेकरू ठाण मांडून असतात. मीठ त्यांना हुसकून जरा ढकलताच उठणारे बसवतं, मग शिसं आलं की त्याला आयती जागा.

"आणि ते एकदा बसलं की उठत नाही?" तिने विचारलं होतं.

"पाण्यात तरी नाही," तो म्हणाला होता.

घरी तिने यातलं निम्मंच सांगितलं. नवऱ्यापुढे, सुनेपुढे ती खडीचं तोंडभर कौतुक करायची, साधा दगडच पण पाणी निर्मळ करतो, म्हणायची. मुलगा कामासाठी परमुलखात, त्यामुळे घरात ही तिघं आणि रांगती नात.

टाक्या बसल्या आणि वस्तीतल्या पोरांच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरू लागलं. नातीचं मात्र चढत गेलं. पोर चिडचिडी झाली, जेवेना, बोलायच्या वयात गप्प राहिली. टाकीचंच पाणी देतो, असं सून दवाखान्यात शपथेवर सांगत होती. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पोर खेळते कुठे, तोंडात काय घालते?

अंगणातली माती तपासायला नेली. मातीत शिसं असल्याचा अहवाल आला तेव्हा नवरा दारातच बसला होता. कोणी विचारायच्या आत त्यानेच सांगितलं. शेडमागे टाक्यांतून काढलेल्या, वापरलेल्या खडीची पोती पडून होती, त्यातली त्याने आणून अंगणात पसरली होती.

"चिखलात घसरून पडायची गं पोर," तो म्हणाला. "तूच म्हणायचीस ना, साधा दगडच तो."

पाण्यात न सुटणारं शिसं पोटातल्या आंबटपणात सुटतं, हे डॉक्टरीणबाईंनी नुकतंच सांगितलं होतं. सुनेने भांडण केलं नाही. पोरीचे कपडे बांधले आणि माहेरची वाट धरली.

दोघांनी तोंडाला फडकी बांधून, पाणी शिंपडत अंगण उकरलं. खडी संपली तरी तो खालची माती खणतच राहिला. शेवटी तिनेच त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं. मग शेडच्या मालकाकडे जाऊन ती हटून बसली. पोती उचलायची ठरलीच होती, असं तो सांगत होता. वापरलेली खडी सिमेंटात कोंडून कुलपाआड ठेवायला लागले, तेव्हाच ती भट्टीवर परतली.

पुढे सून पोरीला घेऊन आली. रक्त बरंचसं निवळलं होतं, पण बोलणं मागेच राहिलं. ते भरून येईल याची खात्री डॉक्टरीणबाई देत नव्हत्या. पोर आजोबांकडे झेपावली, तसा तो दोन पावलं मागे सरला.

"घ्या की तिला," भट्टीवाली म्हणाली.

"घेतो. हात धुऊन येतो."

सुनेने पोरीला जेवू घातलं, मांडीवर थोपटून निजवलं. नळाचं पाणी वाहतच होतं.