राखेनं घासलेलं नाणं

डॅन्यूब नदीकाठच्या कार्नुन्तुम या रोमन छावणीबाहेर मात्तो सोनाराचं दुकान होतं. माणूस हाताचा सच्चा, पण जिभेला हाड नाही. मळकं सोनं दुकानातून बाहेर पडलं तर आपण सोनार कसले, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. बायको म्हणायची, ह्याच्या हाती चूल दिली तर तीही चमकवून ठेवेल.

त्या वर्षी डॅन्यूबकाठच्या फौजांनी एक सम्राट उभा केला आणि अडीच महिन्यांत तो मारलाही गेला. नव्या सम्राटाची माणसं मेलेल्याच्या चेहऱ्याची सोन्याची नाणी घरोघर शोधून वितळवू लागली, लपवणाऱ्याचं मुंडकं उडवू लागली. नेमकी तेव्हाच ब्रिकिया मावशी दुकानात आली. तिचा एकुलता एक मुलगा त्या मारल्या गेलेल्या सम्राटाच्या बाजूनं लढताना पडला होता. शिपायांना वाटलेल्या बक्षिसातलं एक नाणं त्यानं आईला धाडलं होतं. ते तिनं मात्तोच्या हातावर ठेवलं आणि गळ्यात घालण्याजोगं करून मागितलं.

मात्तोनं आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. चेहरा ठोकून सपाट कर, असं बायकोनं सुचवलं. पण लेकाच्या धन्याचा चेहरा म्हातारीला हवा असणार, असं त्यानं मनाशी धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच तोंड मिटून त्यानं काम केलं. नाण्याभोवती कडं बसवलं, चेहरा छातीकडे वळवला, बाहेरच्या बाजूवर साधा पत्रा चढवला. शेवटी बारीक राखेनं सगळं लख्ख घासलं.

मावशीनं लॉकेट उलटून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

“घासलंस होय रे?”

“मग! नाक, दाढी, सगळं शाबूत आहे बघ. जीव मुठीत धरून केलंय.”

“त्याची दाढी घेऊन मी काय करू, मात्तो? कडेला काळं होतं ना, ते माझ्या पोराच्या बोटांचं होतं. चिलखताला तेल लावायचा तो.”

मात्तोला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो आत गेला आणि घासायचं फडकं घेऊन आला. त्यावर गावातल्या बांगड्यांचा, अंगठ्यांचा मळ होता.

“ह्यातलं त्याचं कुठलं?” तिनं विचारलं.

मात्तो फडकं उलटसुलट करून बघत राहिला. ब्रिकियानं ते अख्खं फडकं घडी घालून कमरेला खोचलं.