कुणालाही नाही न म्हणणारा सोपान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. चहा ठेवलाय, तो उकळेपर्यंत निम्मं सांगून होईल. तशी मी हुशार आहे बरं का. हे मी नाही, आई सांगते, तेही फक्त पाहुण्यांसमोर.

मी मळवलीत राहते आणि घरबसल्या लोकांना कॉम्प्युटरवरच्या व्यवस्था करून देते. कुणाच्या दुकानाची बिलं, कुणाच्या फार्महाऊसचं बुकिंग, असलं काहीबाही. कार्ल्याच्या पुढे रफिकभाईंचा कॅम्प आहे. थंडीत तंबू आणि पावसाळ्यात धबधब्याशेजारचा कडा दोरावरून उतरायचा, म्हणजे रॅपलिंग. रफिकभाई लोणावळ्याचे, पप्पांचे जुने दोस्त. त्यांच्याकडे शिकवायला येतात ते सगळे शेजारच्या गावचे शेतकरी. सगळ्यांनी रीतसर शिक्षण घेतलंय, दोराच्या बाबतीत एकदम कडक माणसं.

आता भानगड अशी, की पुण्याच्या लोकांना कडा उतरायची हौस येते ती पावसाळ्यात. आणि भाताची लावणी, जिला आमच्याकडे आवणी म्हणतात, ती तरी कधी असणार? मग दर शुक्रवारी रफिकभाई फोन कानाला लावून कॅम्पच्या अंगणात फेऱ्या मारायचे. "उद्या कोण येतंय? अरे, कोणी येतंय का?" मागच्या पावसाळ्यात एकदा गिऱ्हाईक कड्यावर आणि शिकवणारे भाताच्या खाचरात, असं झालं होतं. तो ग्रुप परत कधी आला नाही.

म्हणून त्यांनी मला सांगितलं, "मंजिरी, असं काहीतरी कर की पाळ्या आपोआप लागतील. मला फोन करायला लागता कामा नये."

मी केलं. आणि काय केलं म्हणून सांगू. प्रत्येकाच्या मोबाईलवर त्याची पाळी दिसायची. एखाद्याला जमत नसेल तर 'बदली' दाबून ती दुसऱ्याला द्यायची. त्या दुसऱ्यानं संध्याकाळपर्यंत नकार दिला नाही, तर त्याला मान्य आहे असं धरायचं. रफिकभाईंसाठी तर मी खास पान केलं. पाळी भरली की हिरवा चौकोन, रिकामी असली की लाल. नावं मुद्दाम ठेवली नव्हती, उगीच कशाला गर्दी?

ही सगळी यंत्रणा चालते का बघायला मला एक माणूस हवा होता. खऱ्या माणसांना कशाला त्रास द्या, म्हणून मी एक बनवला. सोपान ढमाले. मला उंचीची भीती वाटते, तर सोपानला अजिबात नाही. मला पोहता येत नाही, तर सोपान पट्टीचा पोहणारा. दोर बांधणं, माणूस वाचवणं, पहिल्या फटक्यात ट्रेनला धावत चढणं, सगळं त्याला येत होतं. वर्षाचे सगळे दिवस मोकळा. फोटोच्या जागी एका कड्यावर पाठमोरा उभा असलेला माणूस लावला. छान दिसत होता, खोटं कशाला बोलू?

एक माणूस एका वेळी एकाच जागी, हा नियम मी व्यवस्थेत घातला होता. पण चाचणीला सोपान एकटाच, त्यामुळे त्याच्यापुरता तो नियम उठवला. चाचणी झाली की सोपानला काढून टाकायचं ठरलं होतं. चाचणी झाली, सगळं सुरळीत चाललं, त्या आनंदात मी घरी जाऊन कांदाभजी खाल्ली. सोपान तिथेच राहिला.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

आमच्या गावांत आवणी सावडीनं होते. म्हणजे आज तुमच्या शेतात मी येणार, उद्या माझ्या शेतात तुम्ही. त्यात कुणी कुणाला सहसा नाही म्हणत नाही, पण मनातल्या मनात प्रत्येकाला माहीत असतं कुणाचं कुणाकडे काय येणं राहिलंय. या लोकांनी माझं 'बदली' बटण बघितलं आणि सावडच समजून वापरायला सुरुवात केली. पहिल्यांदा दत्ताभाऊंनी. दत्ताभाऊ म्हणजे शिकवणाऱ्यांतले सगळ्यांत अनुभवी. त्यांनी यादीत एक नवा माणूस बघितला, त्याला आपली पाळी दिली, संध्याकाळपर्यंत नकार आला नाही. येणार कुठून? मग दुसऱ्यानं दिली, तिसऱ्यानं दिली. त्या आठवड्यात पाऊस एवढा झाला की ओढा फुगून काम बंदच राहिलं. त्यामुळे सोपान आलाय की नाही, हे बघायची वेळच कुणावर आली नाही.

पण त्याचं नाव झालं. मी कार्ल्याच्या नाक्यावर वडापाव घेत होते, तर दत्ताभाऊ भेटले.

"ताई, त्यो सोपान लय चांगला गडी हाय बरं का. आजून एकदाबी न्हाई म्हनला न्हाई."

मला वाटलं, यांचा कुणी गावातला सोपान असेल. मी म्हटलं, "हो का? कुठला?"

"आंदर मावळातला. ढमाले हायेत तिकडं. त्याच्या बापाला वळखतो मी."

बघा. ढमाले म्हटल्यावर तरी माझ्या डोक्यात काही वाजायला हवं होतं की नाही? पण माझं सगळं लक्ष वडापावच्या लाल चटणीकडे. "चांगली माणसं आहेत," असं म्हणून मी घरी आले. वर आईला सांगितलं, की कॅम्पवर एक सोपान म्हणून फार भला माणूस आहे. आईनं भाजी निवडता निवडता विचारलं, "लग्न झालंय का त्याचं?"

तर तो शनिवार उजाडला. पुण्याच्या एका कंपनीचा मोठा ग्रुप यायचा होता. तो खूश झाला तर सगळ्या पावसाळाभर त्यांची माणसं रफिकभाईंकडेच येणार होती. नाही झाला, तर पलीकडच्या कॅम्पवाल्याचं भलं. शुक्रवारी दुपारी मी पान उघडलं, तर सगळे चौकोन हिरवे. एकही लाल नाही. मी स्वतःच रफिकभाईंना फोन केला. "रफिकभाई, फोन बाजूला ठेवा आणि झोपा निवांत. सगळं भरलंय."

"खरंच? कोणाला विचारायला नको?"

"नाव विचारू नका, रंग बघा," मी म्हटलं. हे वाक्य मला अजून आठवतं आणि तोंड लपवावंसं वाटतं.

शनिवारी सकाळी मी कौतुक करून घ्यायला कॅम्पवर गेले. कॅम्पचा नवा टी-शर्टसुद्धा घातला होता. बस आली, माणसं उतरली, चहा-पोहे झाले. शिकवणारा एकही नाही. रफिकभाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज अगदी गोड झाला होता, आणि पप्पा सांगतात की हे वाईट लक्षण आहे.

"बेटा, नावं कुठे दिसतात?"

मी आतलं पान उघडून दिलं. ते एकेक नाव वाचायला लागले. "कड्याच्या माथ्यावर, सोपान ढमाले. दोरावर, सोपान ढमाले. खाली, सोपान ढमाले. अडचण आली तर वाचवायला..." मग त्यांनी चष्मा काढला. "हा सोपान कोण?"

काय सांगणार? म्हटलं, "रफिकभाई, तो नाहीये."

"येतोय का?"

"नाही. म्हणजे तो मुळातच नाहीये. मी बनवलाय."

रफिकभाई थोडा वेळ माझ्या टी-शर्टकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी पाहुण्यांना आणखी पोहे देतो. तू जा आणि खरी माणसं घेऊन ये."

मी स्कूटर काढली. खरी माणसं कुठे असणार ते कळलं होतं, कारण दत्ताभाऊंची आवणी राहिली होती. बघते तर सगळी टोळी त्यांच्या खाचरात, गुडघाभर चिखलात, वाकून रोपं लावतेय. बांधावर भाकरी, भात, कालवणाची पातेली झाकून ठेवलेली.

"दत्ताभाऊ, कॅम्पवर कुणीच नाही!"

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "सोपान हाय की तितं."

"सोपान नाही."

"आजारी पडला का काय? साधा मानूस, सगळ्यांचं वझं घेतलं अंगावर."

मग मी सगळं सांगितलं. रोपं हातात धरून सगळे माझ्याकडे बघत होते. मला खरंच रडू यायला लागलं. पप्पांची इतक्या वर्षांची दोस्ती माझ्या हिरव्या चौकोनांपायी जाणार, असं वाटलं.

दत्ताभाऊ कंबर सरळ करत म्हणाले, "म्हंजी त्यो नव्हताच? आन् आमी त्याची सावड फेडायला आंदर मावळात जानार व्हतो."

"भाऊ, तुम्ही त्याच्या बापाला ओळखत होता ना?"

"बाप हाय. पोरगं न्हाई म्हन." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. "आता आयक. अर्धी आवनी टाकून गडी न्हेता येत न्हाई. हितनं जेवढे हात न्हेशील, तेवढे हात हितं आनून दे."

हात कुठून आणू? आमच्याकडे हात होते ते फक्त पाहुण्यांचे. मी धापा टाकत परत गेले आणि रफिकभाईंना सांगितलं. त्यांनी एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा पोह्यांच्या रिकाम्या पातेल्याकडे, आणि पाहुण्यांपुढे जाऊन इतक्या झोकात बोलले की मलाच खरं वाटलं. "दोस्तहो, बाकीचे कॅम्प फक्त कडा दाखवतात. आपल्याकडे निम्मे लोक आधी कडा उतरतील, निम्मे मावळातली भाताची आवणी करतील. मग अदलाबदल."

अहो, ते लोक चिखलात असे उतरले की पुन्हा वर यायला तयार होईनात. दत्ताभाऊंच्या घरच्या मावशी त्यांना रोप कसं धरायचं ते शिकवत होत्या आणि उलटं धरलं की बिनधास्त हातावर चापट मारत होत्या. कड्यावर आमची खरी माणसं उभी राहिली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दुपारी सगळे मिळून बांधावर जेवले. जाताना ग्रुपच्या मॅडम म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी दुसरी टीम येईल. पण चिखल असायलाच हवा." रफिकभाईंनी मला माफ केलं ते तेव्हा. त्याआधी पोह्यांची पातेली घासायला लावली होती.

तर तो ग्रुप टिकला. आता व्यवस्थेत कड्याबरोबर 'आवणी' हीसुद्धा एक पाळी आहे. सोपानला मी काढायला निघाले होते, पण माणसं अडून बसली. "असू दे. बिचाऱ्यानं काय वाकडं केलंय?" शेवटी असं ठरलं, की सोपान राहील, पण त्याचं हो-नाही दत्ताभाऊंच्या मोबाईलवरून होईल. आणि त्यानं घेतलेल्या सगळ्या पाळ्यांची सावड? ती त्याला बनवणारीनं फेडायची. म्हणजे मी. या पावसाळ्यात मी इतक्या खाचरांत वाकले, की आता खुर्चीत बसले तरी कंबर आपोआप वाकते. पण खरं सांगू? भात माझ्या हातचा उभा राहिला की बरं वाटतं. रांग जरा वाकडी असते, एवढंच.

परवा मात्र अंग फारच ठणकत होतं. दुसऱ्या दिवशी परत आवणीची पाळी. म्हटलं, व्यवस्था कुणी बनवली? मी. बटण कुणी बनवलं? मी. सोपान कुणी बनवला? मग गुपचूप 'बदली' दाबलं आणि माझी पाळी सोपानला दिली. तो काही कुणाला नाही म्हणायचा नाही.

संध्याकाळी मोबाईल वाजला. सोपान ढमाले यांनी नकार दिला होता. नकाराचं कारण लिहायला मीच एक जागा ठेवलीय, त्यात लिहिलं होतं, "सोपान कड्यावर पाठमोरा उभा हाय. लय हाका मारल्या ताई, त्याला आयकू येत न्हाई."