प्रसादाच्या साडीची पँट

आमच्या वरच्या मजल्यावर बसाप्पा राहतात. पापाची तिकटी म्हणतात त्या चौकाजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. मंडळी मूळची गडहिंग्लजकडची, पण मंगळवार पेठेत मुरून गेलेली. त्यांची रक्षिता फॅशन डिझायनर व्हायचं म्हणते. म्हणजे नेमकं काय व्हायचं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि तिलाही पुरतं कळलं असेल असं वाटत नाही. कोर्स झाला, सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, पण आता कुठं जायचं ते त्यावर लिहिलेलं नव्हतं.

पेठेनं तिला शिंपीण करून टाकलं. गल्लीतली चिमणाबाई ब्लाऊज घेऊन जिन्यातच गाठायची.

"रक्षे, काखेत काचतंय बघ. जरा उसवून दे की."

"मावशी, मी डिझायनर हाय."

"व्हय की, म्हणून तर तुझ्याकडं आलोय. टेलर लई दिवस लावतोय."

बसाप्पांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर कुठं काम लागलं तर ठीक, नाहीतर दुकानात येऊन बसायचं. हे ऐकल्यापासून पोरीचं जेवण कमी झालं होतं.

राजारामपुरीत अनुजा मॅडम म्हणून आहेत, लग्नाचे कपडे डिझाइन करतात. रक्षिता चित्रांची फाईल घेऊन त्यांच्याकडं गेली. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. "कागदावर सगळ्याच छान काढतात. सोमवारी एक कपडा करून आण. कापड विकतचं नको, घरातलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

तिची आई मल्लव्वा, तिच्या साड्या सगळ्या रोजच्या धुण्यातल्या. म्हणून पोरगी माझ्याकडं आली. माझ्याजवळ अंबाबाईच्या प्रसादाची साडी होती, वांगी रंगाची, हिरव्या काठाची. देवीला वाहिलेल्या साड्या प्रसाद म्हणून मिळतात, त्यातली. फक्त अष्टमीला नेसायची, एरवी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. पोरीच्या कामाला देवीचा हात लागावा, असं मनात आलं आणि दिली. काय शिवणार, हे विचारायचं सुचलं नाही. झंपर नाहीतर परकर, असं मीच धरून चालले.

शनिवारी ती पँट घेऊन खाली आली. धोतरासारख्या निऱ्यांची ढगळी पँट, आणि हिरवे काठ दोन्ही पायांवरून उतरत घोट्यापर्यंत आलेले.

"अगं, पायात घालायची? प्रसादाची?"

"काकू, तुम्ही ती नेसलासा की काठ कुठं येतोय? पायाशीच की."

खरंच, येतो पायाशीच. पण साडी ती साडी, आणि पँट ती पँट. यात फरक आहे एवढं मला पक्कं माहीत होतं, तो सांगता मात्र येत नव्हता.

संध्याकाळी आरतीनंतर देवळातल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, प्रसाद वापरायचाच असतो. मी म्हटलं, कात्री लावलीय. तेव्हा म्हणाले, "हे मला कुणी विचारलं नव्हतं बघा." मल्लव्वा म्हणाली, "आमच्या बसवण्णाचं असतं तर काहीतरी सांगितलं असतं. तुमच्या देवीचं मी कसं सांगू?" आमचे यजमान गणपतराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "देऊन झाल्यावर विचारतीस होय?"

रविवारी माझं कशातच लक्ष नव्हतं. वहीत रोज चार ओळी लिहिते, तेवढ्याही होईनात. रक्षितानं ते ओळखलं असणार. दुपारी येऊन पँट घडी करून माझ्यापुढं ठेवली.

"ऱ्हाऊ दे काकू. मी उद्या जात न्हाय."

"मग?"

"मग काय, अप्पांच्या दुकानात पातेली पुसतो."

ती हे हसत बोलली, पण तिचे डोळे काही हसत नव्हते. देवी रागावेल की नाही, ते मला माहीत नव्हतं. समोरची पोरगी मात्र दिसत होती. मी म्हटलं, "मी येते तुझ्यासंगं."

सोमवारी तिच्या स्कूटरवर बसून गेले. मॅडमनी पँट आधी उलटी केली आणि आतली शिवण बघितली. मग म्हणाल्या, "घालून चालून दाखव."

रक्षिता जागची हलेना.

"तू घालून बघितलीच नाहीस?"

"न्हाय. ती... प्रसादाची हाय."

"घालून न चाललेल्या कपड्याचं मी काय सांगू?"

रक्षिता माझ्याकडं बघायला लागली. मॅडमही. मी मनात देवीचं नाव घेतलं. ते क्षमा मागायला घेतलं की परवानगी मागायला, देव जाणे. म्हटलं, "घाल बाळ."

ती घालून चालली. वळताना निऱ्या गुडघ्यात अडकल्या. मॅडमनी टाचण्या लावून दोष कुठं आहे ते दाखवलं. निऱ्या सोडायच्या जागा चुकल्यात म्हणाल्या, पण काठ उतरवलाय तो बरा. "उद्यापासून ये. वर्षभर आतली शिवण घालायची आणि कडा दुमडायच्या. डिझाइनचं नाव काढायचं नाही."

खाली आल्यावर रक्षितानं विचारलं, "काकू, म्हणजे घेतलं का मला?"

"घेतलं बहुतेक."

"मग डिझायनर झालो का मी?"

"ते मला कसं कळायचं?"

ती पँट बदलायची विसरली होती, आणि मीही आठवण केली नाही. तिनं स्कूटर चालू केली. वाऱ्यानं निऱ्या फडफडायला लागल्या, तशी मी मागून वाकले आणि काठ चाकात जाऊ नये म्हणून मुठीत धरून बसले, थेट पेठेपर्यंत.